श्रेयनामावलीच्या तळाशी

प्रश्न : हायाओ मियाझाकी यांचे ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘स्पिरिटेड अवे’ हे चित्रपट आमच्या घरात मुलांनी आणि आम्हीही अनेकदा पाहिले आहेत. त्यांच्या चित्रपटांची यादी पाहिली की ती १९७९ पासून सुरू होते. त्या वर्षी ते ३८ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी काहीच केले नसेल, हे मनाला पटत नाही. ते तोवर काय करत होते?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ती यादी खोटी नाही, पण ती ‘दिग्दर्शक’ या एका शब्दावर बेतलेली आहे आणि मियाझाकी यांच्या बाबतीत तो शब्दच दिशाभूल करतो. ‘तोएई दोगा’ या अ‍ॅनिमेशनपट काढणाऱ्या कंपनीत ते नोकरीला लागले एप्रिल १९६३ मध्ये, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो’ पडद्यावर आला डिसेंबर १९७९ मध्ये. या सोळा वर्षांत त्यांनी जे काढले, सुचवले आणि आखले, त्यातले बहुतेक दुसऱ्यांच्या नावावर असलेल्या चित्रपटांत आणि मालिकांत विखुरलेले आहे. ते शोधायचे तर चित्रपट संपताच उठून न जाता श्रेयनामावली तळापर्यंत वाचावी लागते.

मियाझाकी यांचा जन्म टोकियोतला, ५ जानेवारी १९४१ चा. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी ‘हाकुजादेन’ हा १९५८ चा चित्रपट पाहिला. पांढऱ्या नागिणीच्या चिनी लोककथेवर तोएईने काढलेला हा जपानचा पहिला रंगीत, पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. त्यातल्या नायिकेवर आपण भाळलो होतो, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. गाकुशूइन विद्यापीठात ते राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकले आणि पदवी मिळताच त्याच तोएईत दाखल झाले. पगार १९,५०० येन आणि नेरिमा भागातल्या साडेचार चटयांच्या खोलीचे भाडे ६,००० येन. आपल्याकडे जुन्या वाड्यांतली जागा जशी खणांत मोजत, तशी जपानमध्ये खोली चटयांत मोजतात. साडेचार चटया म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट.

त्यांच्या वाट्याला आलेले काम सर्वांत खालच्या पायरीचे होते. हालचालीतली मोक्याची चित्रे अनुभवी चित्रकार काढतो, आणि त्या चित्रांच्या मधल्या जागा भरून काढण्याचे काम नवख्यांकडे येते. ‘वानवान चूशिंगुरा’ या १९६३ च्या चित्रपटात मियाझाकी यांनी हेच केले. (जपानी कुत्री ‘वानवान’ असे भुंकतात, सत्तेचाळीस सामुरायांची प्रसिद्ध सूडकथा इथे कुत्र्यांच्या जगात घडते.) एवढ्या खालच्या पायरीवरूनही त्यांनी तोंड उघडले ते ‘गलिव्हरचा अंतराळप्रवास’ या १९६५ च्या चित्रपटाच्या वेळी. कथेत परग्रहावरची राजकन्या यंत्रमानव होती आणि तशीच राहणार होती. मियाझाकी यांनी सुचवले की तिचे यंत्राचे कवच फुटावे आणि आतून जिवंत मुलगी बाहेर यावी. वरिष्ठांनी ही सूचना मान्य केली आणि त्यामुळे चित्रपटाच्या शेवटाचा अर्थच पालटला. मधली चित्रे भरणाऱ्या पोराचे असे ऐकून घेतले जावे, हे तोएईच्या त्या काळच्या वातावरणाबद्दलही बरेच काही सांगते.

त्या वातावरणाला आणखी एक बाजू होती. १९६४ मध्ये मियाझाकी कंपनीच्या कामगार संघटनेचे मुख्य सचिव झाले. संघटनेचे उपाध्यक्ष होते इसाओ ताकाहाता, जे १९५९ पासून तोएईत सहायक दिग्दर्शक होते आणि ज्यांच्याशी मियाझाकी यांचे नाव पुढे पन्नास वर्षे जोडले गेले. संघटनेच्या बैठकांत जमलेल्या या मंडळींनीच ‘सूर्यपुत्र होरुस’ हा चित्रपट घडवला. माझ्या मते मियाझाकी यांच्या आरंभीच्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

चित्रपटाची जुळवाजुळव १९६५ मध्ये सुरू झाली. ज्येष्ठ चित्रकार यासुओ ओत्सुका यांच्याकडे अ‍ॅनिमेशनची सूत्रे सोपवण्यात आली, तेव्हा दिग्दर्शक ताकाहाताच हवेत, असा त्यांनी आग्रह धरला. मूळ कथा ऐनू, म्हणजे जपानच्या उत्तरेकडील आदिवासी, लोकांच्या गाथांवर आधारलेल्या एका बाहुलीनाट्याची. पण ऐनू समाजाचा विषय कंपनीला अडचणीचा वाटल्याने ती उत्तर युरोपात नेण्यात आली. ताकाहातांनी एक वेगळी पद्धत सुरू केली : पटकथेच्या खर्ड्यांवर साऱ्या चमूने मत द्यायचे आणि कल्पनाचित्रे कोणीही आणावीत. मियाझाकी त्या वेळी चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. त्यांनी न सांगता चित्रांचे गठ्ठे आणायला सुरुवात केली. गावातली घरे कशी असतील, नदी कुठून वाहील, बर्फाच्या राक्षसाची स्वारी कशी येईल, खांद्यात रुतलेली तलवार घेऊन उठणारा खडकाचा महाकाय कसा दिसेल, हे सारे त्यांनी कागदावर उतरवले. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे ‘दृश्यरचना’ असे लागले, ते या गठ्ठ्यांमुळे.

कथेतला होरुस एकटा वीर आहे, पण बर्फाच्या राक्षसाला हरवायला एकटा वीर पुरत नाही; गाव एकत्र यावे लागते, आणि गावात फूट पाडणारे आतलेच असतात. ही कथा लिहिणारे लोक दुपारी पडद्यासाठी चित्रे काढत होते आणि संध्याकाळी कंपनीशी वाटाघाटी करत होते, हे लक्षात ठेवून चित्रपट पाहिला तर त्यातल्या गावसभेचे प्रसंग वेगळेच भासतात. हिल्डा ही त्यातली मुलगी तर त्या काळच्या मुलांच्या चित्रपटांत शोधून सापडणार नाही अशी आहे : राक्षसाची बहीण म्हणवणारी, गावात फितुरी पेरणारी, आणि तरीही ज्या मुलाचा घात करायचा त्याच्यावर जीव जडलेली. तिचे भाव चितारले यासुजी मोरी यांनी. मियाझाकी यांच्या पुढच्या चित्रपटांत सरळ खलनायिका जवळजवळ सापडत नाहीत, त्याची पहिली शिकवणी त्यांना मोरींच्या टेबलाशेजारी बसून मिळाली असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

चित्रपटाला तीन वर्षे लागली, मध्यंतरी काम थांबवावेही लागले, आणि वेळ व पैसा संपल्यामुळे दोन प्रसंग स्थिर चित्रांवरून कॅमेरा फिरवून निभावण्यात आले. २१ जुलै १९६८ रोजी तो प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहांत जेमतेम दहा दिवस टिकला. ताकाहातांना त्यानंतर तोएईने पुन्हा चित्रपट दिला नाही.

त्यानंतरच्या तीन चित्रपटांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘बुटातील मांजर’ (१९६९) या चित्रपटातला सैतानाच्या किल्ल्यावरचा पाठलाग ओत्सुका आणि मियाझाकी यांनी मिळून रंगवला. बुरूज, कोसळणारे पूल, अरुंद जिने आणि त्यांवरून धावणारी पात्रे असा हा प्रसंग पाहिला की दहा वर्षांनंतरच्या ‘कॅग्लिओस्त्रो’तील छपरांची आठवण येतेच. ‘उडते भुताळी जहाज’ (१९६९) यात शहरात रणगाडे घुसतात तो भाग त्यांचा. ‘प्राण्यांचे खजिन्याचे बेट’ (१९७१) या चित्रपटात ते कल्पना पुरवणारे म्हणून नोंदले गेले आहेत. याच वर्षी ताकाहाता, मियाझाकी आणि चित्रकार योइची कोताबे या तिघांनी तोएई सोडली.

प्रश्न : मियाझाकी यांनी काही काम टोपणनावाने केले आहे असे ऐकले. ते कोणते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : टोपणनावे दोन आहेत आणि त्यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. पहिले साबुरो आकित्सु. या नावाने त्यांनी ‘साबाकु नो तामी’, म्हणजे ‘वाळवंटातले लोक’, ही चित्रकथा मुलांच्या एका वृत्तपत्रात सप्टेंबर १९६९ ते मार्च १९७० या काळात २६ भागांत लिहिली आणि चितारली. तेव्हा ते तोएईत नोकरीला होतेच. लढणाऱ्या टोळ्या, उद्ध्वस्त वस्त्या आणि त्यांच्यामध्ये सापडलेले कोवळे वय, असा तिचा ऐवज. १९८२ मध्ये त्यांनी ‘नाउसिका’ ही चित्रकथा सुरू केली, तिच्यातली लढणारी राष्ट्रे पाहताना या वाळवंटाची आठवण ठेवावी. मी तर म्हणेन की चित्रपटकार मियाझाकी ज्या मजकुरातून घडले तो मजकूर प्रथम या चित्रकथेत उतरला, कारण इथे त्यांच्यावर दिग्दर्शक नव्हता.

दुसरे टोपणनाव आहे तेरुकी त्सुतोमु. १९८० मध्ये ‘लुपिन तिसरा’ या एका चोराच्या करामतींवरील मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले १४५ वा आणि १५५ वा हे दोन भाग त्यांनी या नावाने दिग्दर्शित केले. नावाची गंमत अशी की ती तीन चित्रलिपी अक्षरे ‘तेरेकोमु’ अशीही वाचता येतात, आणि ‘टेलिकॉम’ ही ते ज्या कंपनीत काम करत होते ती. कवींच्या गंभीर टोपणनावांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार पोरकट वाटेल; मला तो आवडतो. १५५ वा भाग हा त्या पर्वाचा शेवटचा. त्यातला लांब हातांचा उडणारा यंत्रमानव सहा वर्षांनी त्यांच्या ‘लापुता’ या चित्रपटात जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे.

टोपणनावही नसलेले काम वेगळे. ‘लुपिन’च्या पहिल्या पर्वाला, म्हणजे १९७१–७२ मध्ये, प्रेक्षक मिळेनात, तेव्हा ते मधूनच ताकाहाता आणि मियाझाकी यांच्या हाती देण्यात आले. नामावलीत दोघांचीही नावे नाहीत. ‘ए प्रॉडक्शन दिग्दर्शन गट’ एवढेच लिहिलेले दिसते; ‘ए प्रॉडक्शन’ ही तोएई सोडल्यावर ते ज्या संस्थेत गेले ती. श्रीमंती मर्सिडीजमधून फिरणारा चोर त्यांच्या हाती आल्यावर छोट्याशा फियाट ५०० मध्ये दाटीवाटीने बसू लागला. ही गाडी ओत्सुका यांची स्वतःची होती.

प्रश्न : ‘पांडा कोपांडा’ हा चित्रपट मियाझाकी यांचाच मानावा का? तो ‘टोटोरो’चा कच्चा खर्डा आहे, असे एका मित्राचे म्हणणे आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिग्दर्शक ताकाहाता आहेत, मूळ कल्पना, पटकथा आणि दृश्यरचना मियाझाकी यांची. म्हणून ‘कोणाचा’ या प्रश्नाला एकच नाव देणे मला योग्य वाटत नाही. आपल्या मित्राचे म्हणणे मात्र बरेचसे खरे आहे.

या चित्रपटामागे एक फसलेला बेत आहे. तोएई सोडून ही मंडळी बाहेर पडली ती स्वीडिश लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या ‘पिप्पी’वर मालिका काढायला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये मियाझाकी स्वीडनला गेले. हा त्यांचा पहिला परदेशप्रवास. स्टॉकहोम आणि विस्बी ही शहरे त्यांनी डोळ्यांत साठवली, ढीगभर चित्रे काढली, पण लेखिकेची परवानगी मिळाली नाही. पुढे कागदांवरची ती मुलगी जपानला परतली आणि तिचे नाव मिमिको झाले. तांबडे केस, दोन ताठ वेण्या, घरात मोठे माणूस नाही आणि आनंद झाला की हातांवर उभे राहण्याची खोड. तिच्या घरी एके दिवशी पांडाचे पिल्लू येते, मागून त्याचा बाप येतो, आणि तिघांचे कुटुंब होते.

पांडाच का, याचे उत्तर राजकारणात आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, त्याची भेट म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस कांग कांग आणि लान लान हे दोन पांडा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात आले, आणि अवघा देश पांडांनी वेडा झाला. १७ डिसेंबरला हा अर्ध्या तासाचा चित्रपट एका राक्षसपटाला जोडून प्रदर्शित झाला. बाप पांडाचे ते रुंद हसू आणि त्याच्या पोटावर झोकून देणारी मुलगी पाहताना १९८८ चा ‘टोटोरो’ आठवला नाही असा प्रेक्षक विरळा. मला मात्र मार्च १९७३ चा दुसरा भाग अधिक भावतो. त्यात पावसाने गाव बुडते, पाणी नितळ आणि शांत असते, आणि ही मंडळी पलंगालाच होडी करून त्यावरून निघतात. संकटाचे असे सहलीत रूपांतर पुन्हा पाहायला २००८ च्या ‘पोन्यो’पर्यंत थांबावे लागते. स्वीडनची शहरेही वाया गेली नाहीत. १९८९ च्या ‘किकी’तले समुद्रकाठचे गाव त्यांच्यावरूनच रचले आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, मियाझाकी यांनी ‘युकी नो ताइयो’ ही काही मिनिटांची नमुनाफीत दिग्दर्शित केली. तेत्सुया चिबा यांच्या चित्रकथेवरच्या या फितीची पुढे मालिका झाली नाही. एकट्याच्या नावावरचे त्यांचे पहिले दिग्दर्शन हवेच असेल तर ते इथे सापडेल; पण तिच्यात मला मिमिकोइतका जीव दिसत नाही.

प्रश्न : आम्ही लहानपणी दर रविवारी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहत असू. ती मालिका मियाझाकी यांनी बनवली, असे कुठेतरी वाचले. खरे आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. आपल्याकडे १९९३ मध्ये दाखवलेली, गुलजार यांच्या ‘चड्डी पहन के फूल खिला है’ या ओळीने घराघरांत पोचलेली आणि नाना पाटेकर यांच्या शेरखानमुळे मराठी कानांना विशेष जवळची वाटलेली ती मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली. त्या वर्षी मियाझाकी ‘किकी’ पूर्ण करत होते आणि त्यांची ‘स्टुडिओ घिबली’ ही संस्था सुरू होऊन चार वर्षे लोटली होती. (जपानी लोक या नावाचा उच्चार ‘जिबुरी’ असा करतात.) घोळ बहुधा संस्थेच्या नावामुळे झाला असावा. ‘मोगली’ बनवणाऱ्या ‘निप्पॉन अ‍ॅनिमेशन’मध्ये मियाझाकी पूर्वी होते, आणि तिथले त्यांचे काम आपण विचारले नसले तरी सांगण्याजोगे आहे.

त्याची सुरुवात ‘निप्पॉन’च्या पूर्वसूरी संस्थेत झाली. १९७४ ची ‘हायडी’ ही ५२ भागांची मालिका ताकाहातांनी दिग्दर्शित केली. तिच्यासाठी जुलै १९७३ मध्ये चमू स्वित्झर्लंडला जाऊन आला, ही दूरचित्रवाणीच्या मालिकेसाठी तेव्हा अप्रूपाची गोष्ट होती. मियाझाकी यांनी त्या ५२ भागांचे लेआउट काढले. लेआउट म्हणजे प्रत्येक दृश्याचा मूळ आराखडा : पात्र कुठे उभे आहे, कुठून कुठे जाते, डोंगर त्याच्यामागे किती उंच दिसतो, कॅमेरा कसा सरकतो, हे एका कागदावर ठरते आणि मग पार्श्वभूमी रंगवणारा व हालचाल काढणारा असे दोघेही त्याच कागदावरून काम करतात. पूर्वी हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे. इथे आठवड्याला सुमारे ३०० दृश्यांचे आराखडे एकाच हातातून येऊ लागले, आणि म्हणून हायडीच्या आजोबांची झोपडी कोणत्याही कोनातून पाहिली तरी तीच झोपडी वाटते. ताकाहाता स्वतः चित्रकार नव्हते. त्यांच्या मनातली जागा कागदावर येण्याचा मार्ग मियाझाकी यांच्या हातातून जात होता. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये ही पद्धत पुढे सर्वत्र रुळली.

१९७६ मध्ये आईच्या शोधात इटलीहून अर्जेंटिनाला जाणाऱ्या मार्कोची मालिकाही याच जोडीची. त्यानंतर १९७८ मध्ये आली ‘फ्यूचर बॉय कोनान’, २६ भागांची आणि प्रथमच मियाझाकी यांच्या स्वतःच्या दिग्दर्शनाची. अलेक्झांडर की यांच्या कादंबरीवर ती आधारलेली असली तरी कादंबरीतली खिन्नता त्यांनी बाजूला सारली. चुंबकीय अस्त्रांनी जग बुडाल्यानंतरची ही कथा. त्यात कोनान हा मुलगा पायाच्या बोटांनी विमानाच्या पंखाला लोंबकळतो आणि वर हसतो. ‘कॅग्लिओस्त्रो’च्या वेळी त्यांनी १९७९ ची ‘अ‍ॅन’ ही मालिका पंधराव्या भागानंतर सोडली आणि ताकाहातांपासून काही काळ वेगळे झाले. ‘पहिला चित्रपट’ चार-पाच महिन्यांत पुरा करणारा हा माणूस नवशिका नव्हता, एवढे आता मिरजेच्या वाचकांनाही पटावे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या नातीला यांतले काय प्रथम दाखवावे?
— एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, ‘पांडा कोपांडा’चे दोन्ही भाग एका बैठकीत पाहून होतात, तेव्हा त्यापासून सुरुवात करावी. भाषा कळली नाही तरी अडत नाही. ‘कोनान’ सुट्टीसाठी राखून ठेवावी, कारण एक भाग संपला की दुसरा लावण्याचा हट्ट होणार, हे गृहीत धरा. ‘हायडी’ आपल्यालाच अधिक आवडेल; तिची गती जुन्या काळची आहे आणि नातीला मधूनमधून कंटाळा येईल.

‘होरुस’ मात्र ती थोडी मोठी झाल्यावर दाखवावा. हिल्डाचे दुःख नवव्या वर्षी नीट कळणार नाही, आणि लांडग्यांचा गावावरचा हल्ला भीतिदायक आहे. तो प्रसंग सुरू झाला की पडद्यावरची चित्रे हलायची थांबतील आणि नुसता कॅमेरा त्यांच्यावरून फिरत राहील. तेव्हा संच बिघडला असे समजून रिमोट शोधू नका. नातीला सांगा, की इथे पैसे संपले होते.